गृहसंगणक खेळ

गृहसंगणक खेळ : घरगुती वापरासाठी बनविलेल्या लहान संगणकावर, बहुधा दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याचा उपयोग करून खेळले जाणारे इलेक्ट्रॉनीय खेळ. सर्वसाधारणपणे १९७७ ते सु. १९९२ हा त्यांचा काळ मानता येईल. नाणे टाकून चालविण्याची सार्वजनिक खेळयंत्रे आणि केवळ खेळण्यासाठी बनविलेले दूरचित्रवाणी खेळसंच यांच्यापासून हे खेळ वेगळे ओळखावे लागतात. तिन्हींच्या पडद्यावर दिसणारे चित्र पुष्कळदा एकच असे. परंतु पहिल्या दोहोंत खेळाची आज्ञावली, म्हणजे यंत्राला क्रमवार द्यावयाच्या सूचनांचा संच, चिपमध्ये कायमची बंद असे. गृहसंगणकाचे तसे नव्हते. तो सुरू करताच पडद्यावर खेळ न येता सूचना टंकण्यासाठी मोकळी जागा येई. खेळणाऱ्याने हवे तर विकत घेतलेला खेळ भरावा, हवे तर स्वतःचा लिहावा. खेळणारा आणि खेळ रचणारा यांच्यातील अंतर इतके कमी असण्याची स्थिती या पंधरा वर्षांपूर्वी नव्हती व नंतरही फारशी राहिली नाही. त्यामुळे हा विषय करमणुकीच्या इतिहासाइतकाच शिक्षणाच्या इतिहासातही मोडतो. [⟶ संगणक].

पूर्वपीठिका : संगणकावरील खेळ गृहसंगणकापेक्षा जुने आहेत. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्ये दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखविला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये पीडीपी-१ या यंत्रासाठी ‘स्पेसवॉर’ हा अवकाशयुद्धाचा खेळ लिहिला. विल क्राउदर यांनी केंटकीतील मॅमथ गुहेच्या स्वतः पाहिलेल्या रचनेवरून १९७५-७६ च्या सुमारास ‘ॲडव्हेंचर’ हा शब्दखेळ रचला आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये त्याचा विस्तार केला. त्यात चित्र नव्हते. खेळणारा दोन शब्दांची आज्ञा टंकी व यंत्र पुढील स्थळाचे वर्णन छापी. हे सर्व खेळ विद्यापीठे व प्रयोगशाळांतील महागड्या यंत्रांवर, रात्रीच्या रिकाम्या वेळी खेळले जात. सामान्य घराशी त्यांचा संबंध नव्हता.

घरात प्रथम आला तो दूरचित्रवाणी खेळसंच. राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारलेला ‘ओडिसी’ हा मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा संच १९७२ मध्ये विक्रीस आला. त्याच वर्षी अटारी कंपनीने ॲलन अल्कॉर्न यांनी बनविलेले ‘पाँग’ हे सार्वजनिक खेळयंत्र बाजारात आणले. पुढे जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) आणि तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ (१९८०) हे खेळ निघाले व त्यांनी जगभर लोकप्रियता मिळविली. गृहसंगणकांवरील पहिल्या काही वर्षांतील पुष्कळसे खेळ म्हणजे या यंत्रखेळांच्या, परवानगीने अथवा परवानगीवाचून केलेल्या, नकला होत्या. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधील एक गोष्ट मात्र येथे नोंदविण्यासारखी आहे. शत्रूंची संख्या घटत जाईल तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो, हे त्या खेळाचे मुख्य आकर्षण मूलतः ठरवून केलेले नव्हते. काढावयाची चित्रे कमी झाली की सूक्ष्मप्रक्रियकाचे काम हलके होई व तो उरलेली चित्रे लवकर हलवी. निशिकादो यांनी तो परिणाम तसाच ठेवला. यंत्राच्या उणिवेतून खेळाचे सौंदर्य निघण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

गृहसंगणकाचा उदय : मॉस टेक्नॉलॉजी कंपनीचा ६५०२ (१९७५) आणि झायलॉग कंपनीचा झेड-८० (१९७६) या स्वस्त सूक्ष्मप्रक्रियकांमुळे संगणक घरगुती किंमतीच्या टप्प्यात आला. ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन तयार संगणक १९७७ या एकाच वर्षी अमेरिकेत निघाले. यांपैकी ॲपल-२ ची घडण खेळाशी थेट निगडित आहे. स्टीव्ह वॉझ्निॲक यांना अटारीचा ‘ब्रेकआउट’ हा विटा फोडण्याचा खेळ बेसिक भाषेत लिहून चालवून दाखवावयाचा होता. रंग, ध्वनी आणि फिरवावयाच्या मुठी या सोयी त्यासाठीच त्यांनी यंत्रात घातल्या. हिशेबाचे व पत्रलेखनाचे यंत्र पुढे खेळाकडे वळले, असे सामान्यतः समजले जाते. येथे क्रम उलटा आहे.

बेसिक ही सोपी संगणकभाषा डार्टमथ महाविद्यालयात १९६४ मध्ये तयार झाली होती. डेव्हिड अल यांनी १९७३ मध्ये या भाषेतील १०१ खेळांच्या आज्ञावलींचा संग्रह प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये निघालेली त्याची सुधारित आवृत्ती दहा लाखांहून अधिक खपली. संगणकविषयक पुस्तकाचा एवढा खप त्यापूर्वी झालेला नव्हता. ब्रिटन व अमेरिकेतील मासिकेही आज्ञावली छापीत. वाचकाने त्या ओळीमागून ओळ टंकाव्यात, चुका शोधाव्यात आणि मग खेळावे, अशी रीत होती. एखादा स्वल्पविराम सुटला तरी खेळ अडे व चूक शोधण्यासाठी सर्व ओळी पुन्हा समजून घ्याव्या लागत. खेळाचा वेग, जिवांची संख्या, शत्रूचा आकार इ. गोष्टी एखादा अंक बदलून पाहता येत, आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या अनेक आज्ञावलीकारांचे शिक्षण याच टंकनातून झाले. नेदरलँड्समध्ये तर ‘बेसिकोड’ या योजनेखाली आज्ञावली ध्वनिरूपाने रेडिओवरून प्रक्षेपित होत व श्रोते त्या कॅसेटवर मुद्रित करून घेत.

सिंक्लेअर आणि ब्रिटिश खेळ : गृहसंगणक खरोखरी सर्वसामान्य घरात नेण्याचे श्रेय क्लाइव्ह सिंक्लेअर (१९४०–२०२१) यांना द्यावे लागते. त्यांचा झेडएक्स-८१ हा संगणक १९८१ मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात ४९.९५ पौंडांस, तर जोडलेला ६९.९५ पौंडांस मिळे. त्याची अंगभूत स्मृती फक्त १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ अक्षरे मावतील एवढी होती. एवढ्या जागेत डेव्हिड हॉर्न यांनी अवघ्या ६७२ बाइटांची बुद्धिबळाची आज्ञावली बसविली. तिच्यात काही नियम गाळावे लागले, तरी ती यंत्राच्या बाजूने खेळ खेळे. काटकसरीचा हा नमुना आजही आज्ञावलीकारांत आदराने सांगितला जातो.

२३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक १६ व ४८ किलोबाइट स्मृतींच्या दोन प्रकारांत अनुक्रमे १२५ व १७५ पौंडांस मिळे. भारतातही याच यंत्राचा पुढे प्रसार झाल्याने त्याची रचना थोडी तपशिलाने पाहणे उचित ठरेल. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ चित्रबिंदू होते. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र रंग द्यावयाचा तर फार स्मृती लागली असती. म्हणून पडदा ३२ × २४ अशा ७६८ चौकटींत विभागून आठ बाय आठ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत फक्त दोन रंग, एक पुढचा व एक पार्श्वभूमीचा, ठेवण्यात आले. या योजनेने संपूर्ण रंगीत चित्र ६,९१२ बाइटांत मावले. मात्र तांबडा वीर हिरव्या झाडापुढून गेला की त्या चौकटीतले झाडही तांबडे होई. हा रंगसंकर चुकविण्यासाठी रचनाकारांनी नाना युक्त्या योजिल्या. ‘नाइट लोर’ (१९८४) या अल्टिमेट कंपनीच्या खेळात तिरप्या दृष्टिकोनातून घन आकृत्या काढून संपूर्ण दालन एकाच रंगात दाखविले आहे. ती एकरंगी गूढ दालने त्या खेळाची शैली म्हणून वाखाणली गेली. मुळात ती एक पळवाट होती.

स्पेक्ट्रमचा ध्वनीही असाच. स्वतंत्र ध्वनिचिप नसल्याने सूक्ष्मप्रक्रियकाला चित्रे हलविण्याचे काम क्षणभर बाजूस ठेवून स्वतःच लहानशा ध्वनिक्षेपकाला हादरे द्यावे लागत. मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन मुलाने लिहिलेल्या ‘मॅनिक मायनर’ (१९८३) मध्ये खेळ चालू असताना पार्श्वसंगीतही वाजे, याचे त्या काळी नवल वाटले. वीस गुहांमधून किल्ल्या गोळा करीत जाणाऱ्या खाणकामगाराचा हा खेळ उड्यांच्या अचूक मापासाठी अजून खेळला जातो. त्याच वेळी अमेरिकेत कमोडोर-६४ (१९८२) या ६४ किलोबाइटांच्या संगणकात चित्रे हलविण्याची व संगीताची स्वतंत्र चिप होती. बॉब यानेस यांनी रचलेल्या तिच्या ध्वनिचिपने संगणकसंगीताचा एक संप्रदायच निर्माण केला. कमोडोर-६४ ची विक्री सव्वा कोटीच्या घरात वा त्याहूनही अधिक झाली. गुणांनी तो श्रेष्ठ होता, परंतु किंमतीने स्पेक्ट्रमच्या बराच वर होता.

खेळ साठविण्याचे साधन म्हणजे नेहमीची गाण्यांची कॅसेट. अंकीय माहितीचे दोन स्वरांत रूपांतर करून ती फितीवर मुद्रित करीत. ४८ किलोबाइटांचा खेळ यंत्रात भरण्यास चार-पाच मिनिटे लागत. त्या वेळात पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे सरकत व कर्कश आवाज येत राही. मुद्रकाचे शीर्ष किंचित तिरके झाले असले, तरी चार मिनिटे थांबल्यावर शेवटी चुकीची सूचना झळके. चकती-चालकाच्या तुलनेत हे साधन गैरसोयीचे होते, पण ते घरात आधीच असे आणि कोरी कॅसेट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळे. दोन मुद्रक जोडले की खेळाची नक्कल तयार होई. प्रकाशकांचे त्यामुळे मोठे नुकसान झाले. प्रसारही त्यामुळेच झाला.

एलाइट : या कालखंडातील सर्वांत विचारपूर्वक रचलेला खेळ म्हणून ‘एलाइट’चा निर्देश करावा लागेल. केंब्रिज विद्यापीठातील इअन बेल व डेव्हिड ब्रेबेन या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो (१९८१) या संगणकासाठी तो लिहिला व सप्टेंबर १९८४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. खेळणारा एका अवकाशयानाचा मालक असून तो ग्रहाग्रहांत व्यापार करतो, चाच्यांशी लढतो वा स्वतःच चाचेगिरी करतो. गुण मिळविणे वा पातळ्या ओलांडणे असे कोणतेही ठराविक उद्दिष्ट त्यात नाही. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रहमंडले, असा २,०४८ मंडलांचा पसारा ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात साठविणे अशक्यच होते. म्हणून तो साठविलाच नाही. आरंभीच्या तीन संख्या बीज म्हणून घेऊन त्यांची ठरलेल्या रीतीने बेरीज करीत गेले की दर वेळी त्याच क्रमाने तेच ग्रह, त्यांची नावे, राज्यपद्धती व बाजारभाव निर्माण होतात. या रीतीने आठच काय, अगणित आकाशगंगा काढता आल्या असत्या. प्रकाशकांनी संख्या आवरावयास लावली, आणि ते योग्यच झाले, कारण विश्व इतके मोठे दिसले असते की त्याचे कृत्रिमपण उघडे पडले असते. पडद्याचा वरचा भाग सूक्ष्म रेषांसाठी एकरंगी व खालचा भाग मोजमापांच्या फलकासाठी बहुरंगी ठेवण्याकरिता प्रत्येक चित्रचौकट रेखाटली जात असताना मध्येच यंत्राची चित्रपद्धती बदलण्याची त्यांची युक्तीही उल्लेखनीय आहे.

इतर उल्लेखनीय खेळांत ‘झॉर्क’ (१९८०) हा शब्दखेळ, रॉबर्टा व केन विल्यम्स यांचा ‘मिस्टरी हाउस’ (१९८०) हा पहिला सचित्र साहसखेळ आणि डग स्मिथ यांचा ‘लोड रनर’ (१९८३) यांचा समावेश होतो. अलेक्सी पाझित्नोव्ह यांचा ‘टेट्रिस’ १९८४-८५ च्या सुमारास मॉस्को येथे इलेक्ट्रोनिका-६० या यंत्रावर लिहिला गेला. जॉर्डन मेक्नर यांनी आपला धाकटा भाऊ धावताना व उड्या मारताना चित्रित करून, त्या चित्रफितीवरून एकेक चौकट रेखाटून ॲपल-२ साठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) रचला. त्यातील राजपुत्राच्या हालचालींचा जिवंतपणा या पद्धतीमुळे आला आहे.

१९८३ नंतर अमेरिकेत निकृष्ट खेळांचा सुळसुळाट होऊन दूरचित्रवाणी खेळसंचांचा बाजार कोसळला. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगॉर्डो येथे पुरला होता, तो २०१४ मध्ये उत्खनन करून बाहेर काढण्यात आला. यानंतर जपानमधील निन्टेंडो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ (१९८३) हा बंदिस्त संच जगभर पसरला आणि १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी गृहसंगणकाचे युग सरले.

भारतातील आगमन : भारतात हा सर्व इतिहास उशिरा, तुटकपणे व वेगळ्या क्रमाने घडला. संगणकाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. नोव्हेंबर १९८४ मधील संगणक धोरणाने ते बरेच सैल केले. परदेशस्थ नातेवाइकांनी सामानातून आणलेले तुरळक सिंक्लेअर संच वगळता त्यापूर्वी मध्यमवर्गीय घरात गृहसंगणक येण्याचा मार्ग नव्हता. आणखी एक अडचण पडद्याची होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले व १९८४ मध्ये देशभर कमी क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभारली गेली, तेव्हाच जिल्ह्याजिल्ह्यांत दूरचित्रवाणी संच मोठ्या प्रमाणावर पोचले. मराठवाड्यात या मागणीतून उद्योगही उभा राहिला. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) जिल्ह्यात पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉन उद्योगसमूहाने दूरचित्रवाणी संचांचा मोठा कारखाना चालविला. परंतु ब्रिटिश स्पेक्ट्रमचा संकेत यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या वाहिनीवर निघे, तर भारतातील प्रक्षेपण त्या काळी व्हीएचएफ पट्ट्यात होई व पुष्कळशा संचांना यूएचएफची सोयच नसे. विलायतेहून आणलेला संगणक घरच्या संचाला जोडला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या, याचे कारण पुष्कळदा यंत्रातील बिघाड हे नसून हे असे.

परवान्याखाली स्पेक्ट्रम-प्लस या यंत्राची भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने काढली. तिची विक्री मर्यादितच राहिली. मूळ स्पेक्ट्रमच्या सु. पन्नास लाखांच्या विक्रीशी ती ताडून पाहिली म्हणजे भारतातील गृहसंगणक किती थोड्यांपर्यंत पोचला, हे कळते. ज्यांच्यापर्यंत तो पोचला त्यांना विजेशीही झगडावे लागे. टंकलेली आज्ञावली वीज जाताच स्मृतीतून पुसली जाई. दर वीस-पंचवीस ओळींनंतर ती कॅसेटवर उतरवून घेणे हा भारभारनियमनाच्या प्रदेशात आज्ञावली लिहिणाऱ्याचा पहिला धडा होता.

दुसरे द्वार शाळेचे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने शिक्षण मंत्रालय व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद यांच्या साहाय्याने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ ही शालेय संगणक साक्षरता योजना निवडक २५० शाळांत सुरू केली. तिच्यासाठी निवडलेले यंत्र बीबीसी मायक्रो हेच होते. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या कंपनीने त्याची ‘युनिकॉर्न’ या नावाने भारतीय आवृत्तीही काढली. म्हणजे ज्या यंत्रावर ‘एलाइट’ लिहिला गेला तेच यंत्र भारतीय शाळांच्या कपाटांत आले होते. परंतु शाळेमागे संच मोजके, तास आठवड्यातून एखाददुसरा, पुस्तिका इंग्रजी व शिक्षक नवशिके, अशा स्थितीत विद्यार्थ्याला एकट्याने यंत्राशी चाळा करण्यास वेळ मिळणे दुरापास्त होते. संगणकाविषयी माहिती देणे हा योजनेचा हेतू होता व त्या मर्यादेत तो साधला. मात्र गृहसंगणकाचे खरे शिक्षण निरुद्देश खटपटीतून होते आणि तिला वेळापत्रकात जागा नव्हती.

लिपीची अडचण : मराठी घरांतील या खेळांचा विचार करताना एक तांत्रिक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हे आखून घेता येत. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटीत बसवावे लागे. रोमन लिपीची २६ मोठी अक्षरे एवढ्या जागेत सुवाच्य उमटतात. देवनागरीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा वा अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, असे तीन मजले लागतात. ‘मूर्ती’ हा शब्द घेतला तर दीर्घ उकार, रफार आणि दीर्घ वेलांटी एवढी सर्व चिन्हे आठ ओळींत दाटवावी लागतील. शिवाय मूळ वर्णच पन्नासाच्या आसपास. देवनागरी संगणकावर सुलभ करणारे ‘जिस्ट’ तंत्र कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत व नंतर पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्रात (स्थापना १९८८) विकसित झाले. परंतु ते मोठ्या संगणकांसाठी होते. शब्दखेळांची परंपरा मराठीत न रुजता धावणे, उडणे व नेमबाजी यांचे खेळच लोकप्रिय व्हावेत, याला अभिरुचीपेक्षा ही अडचण अधिक जबाबदार असावी. कोडी, आख्याने व बहुरूपी कथा यांची समृद्ध परंपरा असलेल्या भाषेत शब्दखेळ चांगला वठला असता.

खेळसंच आणि संगणकवर्ग : महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत ‘व्हिडिओ गेम’ या नावाने जे आले ते गृहसंगणक नव्हते, तर फॅमिकॉमच्या धर्तीचे बंद खेळसंच होते. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘समुराई’ व त्यानंतर ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ इ. नावांचे संच बाजारात आले. त्यांत खुपसावयाच्या खेळपेटीलाही मुले ‘कॅसेट’च म्हणत. एका पेटीत शेकडो, हजारो खेळ असल्याचा दावा तिच्या वेष्टनावर असे. प्रत्यक्षात मूठभर खेळ वेगवेगळ्या क्रमांकांखाली पुन्हापुन्हा दिलेले असत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५), ‘डक हंट’ (१९८४), ‘काँट्रा’ यांची ओळख मराठी मुलांना याच मार्गाने झाली. मुंबई-पुण्याबरोबरच वाढत्या औद्योगिक शहरांतील निवासी वसाहतींतही हे संच पसरले. चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांमुळे विस्तारलेल्या औरंगाबादेतील गारखेडा हे अशा वसाहतींचे उदाहरण म्हणून घेता येईल. मूळचे हे खेडे शहरात सामावले जाऊन नोकरदार कुटुंबांचे उपनगर बनले, आणि खेळसंच परवडणारा पण संगणक न परवडणारा जो वर्ग होता तो अशाच ठिकाणी राहत होता.

तासावर पैसे घेऊन खेळू देणारी केंद्रेही निघाली. शासनाने त्यांची दखल प्रथम कराच्या व परवान्याच्या अंगाने घेतली. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ याच्या कक्षेत व्हिडिओ खेळ आणले गेले. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैशांवर चालणाऱ्या अशा खेळयंत्रांचे नियमन वैध ठरविले. कौशल्य आणि दैव यांतील सीमारेषेचा जुना वाद या निमित्ताने नव्या यंत्रांना लागू झाला.

याच सुमारास तिसरे व सर्वांत परिणामकारक द्वार उघडले, ते संगणकवर्गांचे. एनआयआयटी (१९८१) व मुंबईतील ॲपटेक (१९८६) यांच्यामागोमाग शहरोशहरी लहान वर्ग निघाले. त्यांतील आयबीएम-सुसंगत संगणकांवर सव्वापाच इंचांच्या चकत्यांवरून ‘पॅराट्रूपर’ (१९८२), ‘डिगर’ (१९८३) व ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे खेळ हस्ते-परहस्ते फिरत. मूळच्या ४.७७ मेगाहर्ट्झ वेगासाठी लिहिलेले काही खेळ नव्या यंत्रांवर इतके वेगाने पळत की खेळताच येत नसत. यंत्राचा वेग मुद्दाम कमी करणारी ‘टर्बो’ कळ म्हणूनच दिलेली असे. १९९१ च्या एमएस-डॉस ५ बरोबर येणाऱ्या क्यूबेसिकमध्ये ‘निबल्स’ व ‘गोरिलाज’ हे दोन खेळ संपूर्ण आज्ञावलीसह उघडे मिळत. केळ्याच्या स्फोटाचा व्यास वा सापाचा वेग एक अंक बदलून वाढविता येई. डेव्हिड अल यांच्या पुस्तकाने अमेरिकेत १९७३ मध्ये जे केले, ते येथे या दोन खेळांनी जवळजवळ वीस वर्षांनी केले.

जतन : चुंबकीय फितीवरील मुद्रण कालांतराने क्षीण होते. दमट हवेत फितीवर बुरशी येते व कोकणासारख्या प्रदेशात ही क्रिया विशेष जलद होते. मेक्नर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची मूळ आज्ञावली हरवली असे समजले जात होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या चकत्या सापडल्या व त्यांतून ती वाचून काढून सर्वांसाठी खुली करण्यात आली. परंतु असे योग विरळ. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. जुन्या यंत्राची नक्कल आधुनिक संगणकावर उभी करणाऱ्या आज्ञावलींमुळे स्पेक्ट्रम, कमोडोर व बीबीसी यांचे हजारो खेळ आता पुन्हा चालविता येतात. ते काम मुख्यतः हौशी मंडळींनी केले आहे.

भारतात संगणक आज्ञावलीला साहित्यकृती म्हणून संरक्षण १९८४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये मिळाले. प्रकाशित पुस्तकाची प्रत सार्वजनिक ग्रंथालयात पाठविण्याचे बंधन मात्र १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमाने पुस्तके व वृत्तपत्रे यांपुरतेच घातले आहे. या अधिनियमान्वये ग्रंथ स्वीकारणाऱ्या चार ग्रंथालयांपैकी एक मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय होय. कॅसेटवर अथवा चकतीवर प्रसिद्ध झालेली आज्ञावली त्याच्याकडे येण्याची तरतूद नाही. शाळांतील बीबीसी संच निर्लेखित होऊन भंगारात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या चकत्या व विद्यार्थ्यांच्या आज्ञावली नोंदवहीत उतरवून घेण्याचे कामही कोणाकडे सोपविलेले नव्हते. घरोघरी उरलेल्या कॅसेटी वाचून घेण्यासाठी चालू स्थितीतील एक मुद्रक व साधा संगणक एवढीच सामग्री पुरते. फितीवरील स्वर जोवर ऐकू येतात तोवरच हे शक्य आहे.